यशयाची सात मीटरची गुंडाळी घरबसल्या: इस्राएल म्युझियमच्या डिजिटल संग्रहाचं परीक्षण

नाताळच्या उपासनेत नववा अध्याय, उत्तम शुक्रवारी त्रेपन्नावा. बहुतेक मराठी मंडळ्यांच्या वाट्याला यशया संदेष्टा येतो तो एवढाच. त्याच्या पुस्तकाचे 66 अध्याय आहेत, आणि ते सगळे एकाच चामड्याच्या गुंडाळीवर हिब्रूत लिहिलेले आजही शाबूत आहेत. ही गुंडाळी यरुशलेमच्या इस्राएल म्युझियमच्या ताब्यात आहे. म्युझियमने गूगलच्या मदतीने सप्टेंबर 2011 मध्ये तिचे फोटो इंटरनेटवर खुले केले. पैसे लागत नाहीत, नावनोंदणी करावी लागत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी चार तारे. फोटोंना पाच द्यायला हरकत नाही. उरलेला एक तारा कापला तो सोबतच्या मदतीसाठी. जाणकार शेजारी नसेल तर या साइटवरून चुकीचा निष्कर्ष काढणं फार सोपं आहे, आणि व्याख्यानपीठांवरून तसे निष्कर्ष सर्रास काढलेही जातात.

आधी वस्तू समजून घेऊ. 1947 साली मृत समुद्राच्या वायव्य काठावर, कुमरानच्या पहिल्या गुहेत ही गुंडाळी मिळाली. लांबी 7.34 मीटर. चामड्याचे 17 तुकडे एकमेकांना शिवलेले, त्यावर मजकुराचे 54 रकाने, आणि रकान्यात साधारण 28 ते 32 ओळी. अक्षरांच्या वळणावरून काळ इ.स.पू. 125 च्या आसपासचा धरतात. म्हणजे येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधी एका यहुदी लेखनिकाने ही नक्कल केली. याआधी हिब्रू बायबलच्या ज्या मोठ्या हस्तलिखितांवर सगळी भिस्त होती, ती इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकातली. एका फटक्यात आपण हजार वर्षं मागे गेलो, आणि तरीही पुस्तक तेच निघालं. फरक 2600 हून अधिक मोजले गेले आहेत, पण त्यातले बहुसंख्य स्पेलिंगचे. हा आकडा कुणी घाबरवायला वापरला तर घाबरू नये, आणि ‘एका अक्षराचाही फरक नाही’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर तेही मानू नये.

फोटो आर्डोन बार-हामा यांनी काढलेले आहेत, 1200 मेगापिक्सेलपर्यंतचे. चामड्याच्या सुरकुत्या, शिवणीचे टाके, ओळी सरळ याव्यात म्हणून आखलेल्या रेघा, शाई उडालेल्या जागा, सगळं दिसतं. प्रत्यक्ष म्युझियममध्ये गेलात तरी इतकं दिसणार नाही. तिथे गुंडाळ्यांसाठी 1965 पासून वेगळी इमारत आहे, तिच्या मधोमध गोल कठड्याभोवती ही गुंडाळी मांडलेली दिसते खरी, पण ती हुबेहूब प्रतिकृती असते. मूळ चामडं प्रकाशात फार काळ ठेवता येत नाही. तेव्हा तिकीट काढून गेलेल्यापेक्षा घरच्या लॅपटॉपवर बसलेला माणूस अक्षराच्या जास्त जवळ पोचतो.

वापरायची रीत. मोबाइलवर उघडू नका. उघडतं, पण सात मीटर लांबीची पट्टी अंगठ्याने सरकवताना आपण कुठल्या रकान्यात आहोत याचा पत्ता लागत नाही. मोठा पडदा, माऊस आणि बऱ्यापैकी वाय-फाय हवं. झूम केल्यावर चित्र आधी पुसट येतं, मग स्वच्छ होतं, तेवढा दम धरा. सुरुवात उजव्या टोकाला आहे, वाचन डावीकडे जातं. अध्याय आणि वचन निवडून थेट त्या जागी जाता येतं आणि वचनावर क्लिक केलं की इंग्रजी भाषांतर समोर येतं. मराठीची सोय नाही, म्हणून आपलं पवित्र शास्त्र मांडीवर उघडं ठेवायचं.

इथेच पहिली ठेच लागते. गुंडाळीवर अध्याय नाहीत आणि वचनांचे आकडेही नाहीत. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, वचनांचे आकडे त्याहून नंतरचे. शिवाय हिब्रू छापील बायबल आणि आपलं बायबल यांचे आकडे काही ठिकाणी जुळत नाहीत. नाताळचं आपलं 9:6 हिब्रूत 9:5 आहे, कारण आपल्या नवव्या अध्यायाचं पहिलं वचन तिथे आठव्याचं शेवटचं आहे. 64 व्या अध्यायाच्या आरंभीही असाच गोंधळ आहे. समोर आलेलं वाक्य जुळेना, तर साइट बिघडली असं समजण्याआधी एक वचन मागे-पुढे बघा.

दुसरी ठेच हिब्रू शिकलेल्यांना लागते. सेमिनरीत छापील, स्वरचिन्हं दिलेलं हिब्रू शिकून जो इथे येईल तो पहिल्या ओळीलाच अडेल. स्वरचिन्हं नाहीत. उलट उच्चार कळावा म्हणून वाव आणि योद ही अक्षरं सढळ हाताने घातली आहेत, त्यामुळे ओळखीचे शब्द लांबलचक दिसतात. त्यातून वाव आणि योद यांची वळणं इतकी सारखी की कुठलं कुठलं हे कित्येकदा संदर्भावरूनच ठरवावं लागतं. उपाय एकच: जे वचन तोंडपाठ आहे तिथून सुरुवात करा. 6:3 चांगलं. सराफीम ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणतात ते वचन. शोधून काढा आणि मोजा. या गुंडाळीत ‘पवित्र’ दोनदाच आहे. यावर लगेच त्रैक्याचं प्रवचन रचू नका, त्रैक्याविरुद्धही रचू नका. एकसारखे शब्द ओळीने आले की नक्कल करणाऱ्याचा एखादा सुटतो, हे साधं कारण पुरेसं आहे.

लेखनिकाची चूक कशी होते आणि ती कशी निस्तरली जाते हे बघायचं असेल तर 33 व्या रकान्यावर जा. यशया 40. ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे वाक्य सातव्या आणि आठव्या वचनात दोनदा आहे. मूळ लेखनिकाची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर घसरली आणि मधला मजकूर गळाला, असं सहसा मानतात. पुढे दुसऱ्या कुणीतरी तो ओळींच्या मध्ये लिहायला घेतला, जागा संपली तेव्हा डाव्या समासात खाली उतरवला. हात वेगळा आहे हे झूम न करताही कळतं. या भरीत देवाच्या नावाच्या जागी त्याने चार ठिपके दिले आहेत. नाव लिहिण्याचा धाक इतका, की दुरुस्ती करतानाही ते लिहिलं नाही. जुन्या ग्रीक भाषांतरातही नेमका हाच मजकूर नाही, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात (1:24-25) हे वचन उद्धृत होतं तेही या आखूड रूपात. म्हणजे नव्या करारातलं उद्धरण आणि जुन्या करारातलं वचन शेजारी ठेवल्यावर जो फरक खटकतो, त्याच्यासारखंच आखूड रूप या चामड्यावरही आहे. साइटवरची ही सर्वांत मोलाची जागा, असं आमचं मत.

याच रकान्याशी एक लोकप्रिय गैरसमज जोडलेला आहे. चाळिसावा अध्याय सुरू होतो तो 32 व्या रकान्याच्या अगदी शेवटच्या ओळीवर, मधे पान सोडलेलं नाही. यावरून ‘संपूर्ण यशया एकाच माणसाने लिहिला हे सिद्ध झालं’ असं सांगितलं जातं. सिद्ध काही होत नाही. 40 ते 55 हे अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या शेवटच्या काळातले असं मानणारे अभ्यासकही त्यांचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकातलाच धरतात. गुंडाळी त्यानंतर चारशे वर्षांनी लिहिली गेली. तोवर पुस्तक एकसंध झालेलंच होतं. गंमत म्हणजे खरी मोकळी जागा दुसरीकडेच आहे: 27 व्या रकान्याच्या तळाशी, 33 वा अध्याय संपल्यावर. तिथून पुढे अक्षर बदलतं का, यावर बराच वाद होता. 2021 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकाने अक्षरांची मोजमापं तपासून दोन लेखनिकांचा निष्कर्ष काढला, जोड साधारण इथेच. साध्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. दोघांनी एकच वळण गिरवलेलं असावं.

आता 44 वा रकाना. ख्रिस्ती वाचक इथे येणारच. 52:13 च्या सुमारास सुरू होऊन 54 व्या अध्यायाच्या आरंभापर्यंत, म्हणजे दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत जवळजवळ पूर्ण एका पडद्यावर मावतं. प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा अधिकारी रथात बसून जे वाचत होता आणि ज्यावर त्याने फिलिप्पाला विचारलं, ‘संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतो? स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी?’, ते हेच.

इथे गुंडाळी काय देते आणि काय देत नाही, याचा हिशेब चोख ठेवायला हवा. देते ती एक भक्कम गोष्ट: ‘आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला’ हा मजकूर ख्रिस्ती लोकांनी मागाहून घुसवलेला नाही. येशूच्या आधी यहुदी हातांनी तो लिहिलेला आहे. देत नाही ती गोष्टही तितकीच महत्त्वाची: तो सेवक कोण, हे चामडं सांगत नाही. 49:3 मध्ये सेवकाला इस्राएल म्हटलं आहे, आणि यहुदी परंपरेतलं एक मोठं वाचन त्याला धरूनच 53 वा अध्याय इस्राएलाच्या दुःखाला लावतं. ख्रिस्ती मंडळी तो येशूला लावते ती वधस्तंभ आणि पुनरुत्थान पाहिल्यावर, मागे वळून. हा विश्वासाचा निर्णय आहे, हस्तलिखिताचा पुरावा नव्हे. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या कुणाशी बोलताना हे भान ठेवलं तर संवाद पुढे जातो. त्यांच्या सभास्थानांत तिशा बेआव, म्हणजे मंदिराच्या नाशाच्या शोकदिवसानंतरच्या शब्बाथांना यशयाचीच सांत्वनाची वचनं वाचली जातात, चाळिसाव्या अध्यायापासून. त्या क्रमात 52:12 नंतर, 53 वा वगळून, थेट 54 वा अध्याय येतो.

53:11 वर जरा थांबा. आपल्या मराठी भाषांतरांचा पाया असलेल्या परंपरागत हिब्रू मजकुरात सेवक आपल्या श्रमानंतर ‘पाहील’, पण काय पाहील ते दिलेलं नाही. म्हणून भाषांतरकारांना ‘फळ’ असं काहीतरी पुरवावं लागलं. गुंडाळीत स्पष्ट लिहिलं आहे: प्रकाश पाहील. कुमरानच्या आणखी दोन यशया-हस्तलिखितांत आणि जुन्या ग्रीक भाषांतरातही प्रकाश आहे. चार साक्षी एका बाजूला पडल्यावर नव्या इंग्रजी भाषांतरांपैकी अनेकांनी तो स्वीकारला. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून जे मराठी भाषांतर केलं ते 1922 पर्यंत हातावेगळं झालं होतं, म्हणजे गुंडाळी सापडण्याच्या पाव शतक आधी. त्यांच्यासमोर हा पर्याय नव्हताच. ‘प्रकाश पाहणे’ म्हणजे हिब्रूत जगणे: ईयोब 33:28 आणि स्तोत्र 49:19 ताडून बघा. मेलेला, पुरलेला सेवक पुन्हा प्रकाश पाहतो हे वाचून ख्रिस्ती माणसाचं मन कुठे जाणार हे सांगायला नको.

पण त्याच रकान्यात वर, 52:14 मध्ये, एक सापळा आहे. ‘त्याचा चेहरा विद्रूप झालेला’ या ठिकाणी गुंडाळीत शेवटी एक योद जास्त आहे आणि त्यामुळे ‘मी अभिषेक केला’ असा अर्थ काढता येतो. अभिषेक म्हटलं की मसीहा आलाच. काही उपदेशक या एका अक्षरावर सगळा डोलारा उभारतात. तो योद निव्वळ जुन्या धाटणीचा प्रत्यय असू शकतो, आणि ‘प्रकाशा’सारखा इतर हस्तलिखितांचा पाठिंबा या वाचनाला नाही. टिपण म्हणून ठेवा, मुद्दा म्हणून मांडू नका. 7:14 ची, म्हणजे ‘कुमारी गर्भवती होईल’ या वचनाची, गोष्ट वेगळी. तिथे मत्तयाने ग्रीक भाषांतराचा आधार घेतला, पण आहाज राजाला अराम आणि एफ्राइम (उत्तरेचं इस्राएल राज्य) यांच्या युतीने घेरलं होतं, इ.स.पू. 735 च्या आसपास, तेव्हा त्याला दिलेलं ते चिन्ह आहे, हा पहिला अर्थ विसरून चालत नाही. मूल चांगलं-वाईट ओळखू लागण्याआधी त्या दोन राजांचा देश उजाड होईल, असं पुढच्याच वचनांत आहे. इम्मानुएल, ‘आम्हांबरोबर देव’, हे नाव गुंडाळीत एकसलग एका शब्दात लिहिलेलं आहे, तेवढं बघून घ्या.

आणि आता ज्या रकान्यावर फार कमी लोक थांबतात, तो पहिला. कडा झिजलेल्या, चामड्याला तडे, म्हणून लोक पटकन पुढे सरकतात. 1:1 ते 1:26 इथे आहे. ‘तुमच्या बहुत यज्ञांचा मला काय उपयोग?’ असं परमेश्वर विचारतो. सण नकोत, धूप नको, पसरलेले हात नकोत, कारण ते हात रक्ताने भरलेत. 1:15 मध्ये या गुंडाळीत एक जादा वाक्यांश आहे, ‘आणि तुमची बोटं अन्यायाने’. बहुधा 59:3 वरून तो इथे आला. लेखनिकाला तो आठवला याचं नवल नाही, दोन्ही ठिकाणचा आरोप एकच आहे. पुढे उपाय सांगितला आहे तो अगदी रोखठोक: न्यायाच्या मागे लागा, अनाथाला न्याय द्या, विधवेचा कैवार घ्या.

कॅथलिक वाचनक्रमात यातला भाग उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी येतो. मंगळवारच्या मिस्साला किती जण असतात हे सांगायला नको. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तो उपदेशकाच्या मर्जीवर. मग होतं असं, की यशया म्हणजे ख्रिस्ताविषयीच्या भाकितांची यादी, एवढंच डोक्यात बसतं. त्याच्या काळातल्या यरुशलेमच्या श्रीमंतांना, ‘घराला घर आणि शेताला शेत जोडणाऱ्यांना’ (5:8), तो काय म्हणाला हे ऐकूच येत नाही. येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी हातात घेतली तेव्हा वाचलं ते 61 व्या अध्यायातलं: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. लूकने दिलेल्या वाचनात 58:6 मधली ‘ठेचले जात आहेत त्यांना सोडवून पाठवावे’ ही ओळ मिसळली आहे, आणि 61:2 मधला ‘सूड घेण्याचा दिवस’ येण्याआधी वाचन थांबतं. साइटवर 58 आणि 61 ही दोन्ही ठिकाणं काढून मधलं अंतर सरकवून बघा. एवढी गुंडाळी हाताने उलगडत नेमकी जागा काढणं म्हणजे काय, याचा अंदाज येतो. अध्याय-वचन टाइप करून उडी मारणाऱ्याला तो येत नाही, म्हणून निदान एकदा तरी सगळी गुंडाळी उजवीकडून डावीकडे न थांबता सरकवावी, असा सल्ला.

याच साइटवर आणखी चार गुंडाळ्या आहेत. त्यातली हबक्कूकवरची टीका ख्रिस्ती वाचकाने जरूर बघावी. कुमरानच्या पंथाने हबक्कूकचे पहिले दोन अध्याय ओळीओळीने घेऊन ते आपल्याच काळाला लावले. हबक्कूकमधले खास्दी (बाबेलचे लोक) म्हणजे कित्तीम, आणि कित्तीम म्हणजे बहुतेकांच्या मते रोमी. ‘नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल’ हे 2:4 मधलं वचन सातव्या रकान्याच्या तळाशी येतं, तिथलं चामडं खाल्लं गेलंय, पण त्याचा अर्थ आठव्या रकान्याच्या सुरुवातीला शाबूत आहे: नियमशास्त्र पाळणारे, ज्यांना त्यांच्या श्रमांमुळे आणि धार्मिकतेच्या शिक्षकावरच्या (पंथाच्या पुढाऱ्यावरच्या) विश्वासामुळे देव सोडवील. पौल तेच वचन रोम 1:17 आणि गलती 3:11 मध्ये घेतो आणि नियमशास्त्राच्या कर्मांपासून विश्वासाला वेगळं काढतो. एकच वचन, जवळपास एकच काळ, दोन टोकांचे निष्कर्ष. मात्र ही गुंडाळी यशयाइतकी सोपी नाही, नवख्याने इंग्रजी भाषांतर हाताशी ठेवूनच उघडावी.

कुमरानच्या इतर हजारो तुकड्यांसाठी इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याचं वेगळं डिजिटल ग्रंथालय आहे, 2012 पासूनचं. तिथे इन्फ्रारेड फोटो मिळतात, त्यामुळे काळवंडलेल्या चामड्यावरची अक्षरंही उमटतात. पण तिथे मिळतात ते तुकडे, आणि अनुक्रमांक माहीत नसेल तर अरण्यात हरवल्यासारखं होतं. सलग वाचायला म्युझियमचीच साइट.

एक तारा कापला तो कुठे, ते सांगतो. क्लिक केल्यावर येणारं इंग्रजी वाचून भागवणाऱ्याला 40:7 ची समासातली भर, 6:3 मधला गळालेला शब्द किंवा 1:15 मधली जादा ओळ यांच्याकडे लक्ष वेधेल अशी खूण चित्रावरच हवी होती. ‘इथे दुरुस्ती आहे’, ‘इथे दुसरा हात आहे’ एवढं दाखवणारा एक थर चढवला असता तरी काम झालं असतं. अभ्यासकाला याची गरज नाही. मंडळीतल्या सर्वसाधारण वाचकाला आहे, आणि साइट उघडली आहे ती त्याच्याचसाठी.

बायबल अभ्यासगटात वापरायचं असेल तर एका बैठकीला एकच रकाना घ्या, 1, 33 किंवा 44. तास-सव्वा तास पुरतो. आधी मराठी वाचन, मग पडदा, मग चर्चा, या क्रमाने. पडदा आधी लावला की सगळे चामडंच बघत बसतात. स्क्रीनशॉट काढून पत्रिकेत छापू नका, फोटोंचे हक्क म्युझियमकडे आहेत. प्रोजेक्टरला थेट साइट जोडा, आणि हव्या त्या जागा आदल्या दिवशी वेगवेगळ्या टॅबमध्ये उघडून, झूम करून तपासून ठेवा. सभागृहातलं नेट ऐन वेळी मान टाकतं.